सेकंदाला १७० माणसं, दहा माणसांमागे एक गणपती

प्रयागराजच्या महाकुंभात २०२५ साली १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी या ४५ दिवसांत ६६ कोटींहून अधिक लोकांनी स्नान केलं, असं उत्तर प्रदेश सरकार सांगतं. आकडा इतका मोठा आहे की वाचणारा नुसता मान डोलावून पुढे जातो. म्हणून थोडा भागाकार करू. दिवसाला सुमारे १ कोटी ४७ लाख. तासाला सहा लाखांच्या वर. सेकंदाला १७०, तेही रात्रंदिवस, अखंड.

आता हा आकडा रत्नागिरीला लावून पाहू. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार ६९ होती. मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे नऊच्या नऊ तालुके, पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे, त्या घाटावर रांगेत उभे केले असते, तर दोन तास ३८ मिनिटांत अख्खा जिल्हा आंघोळ करून मोकळा झाला असता.

असाच दुसरा हिशेब. २०२४ साली जगभरातून १८ लाख ३३ हजार १६४ जणांनी हज केलं. भारताच्या वाट्याला येणारा कोटा १ लाख ७५ हजार २५ यात्रेकरूंचा. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली मुस्लिम लोकसंख्या सुमारे १ लाख ८७ हजार होती. देशाचा सगळा कोटा या एका जिल्ह्याला देऊन टाकला, तरी बाराएक हजार माणसं बंदरावर उभीच राहतील.

अमृतसरच्या सुवर्णमंदिरात रोज पन्नास हजारांपासून लाखभर माणसं लंगरात जेवतात. अजमेरच्या दर्ग्यातल्या मोठ्या देगेत एका वेळी ४,८०० किलो अन्न शिजतं. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर एकाच दगडातून घडवलेला, ५७ फुटांचा. त्याच्या पायाशी मराठीतला जुना शिलालेख आहे, म्हणून मराठी माणसाला तो अंमळ जास्तच आपला वाटतो. नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीच्या डोंगरात २०१६ साली पूर्ण झालेली ऋषभदेवांची मूर्ती १०८ फुटांची.

अशा यादीत रत्नागिरीला जागा नाही. इथे कोटींची गर्दी नाही, शंभर फुटी मूर्ती नाही, हजारो किलोंची देग नाही. पण तीर्थ मोजायला डोकी मोजणं एवढी एकच रीत असती, तर हा लेख इथेच संपला असता. रत्नागिरीत फूटपट्टी बदलावी लागते. ती बदलली की इथलेही आकडे डोकं गरगरायला लावतात.

एक किलोमीटरचा देव

प्रदक्षिणेपासून सुरुवात करू. नर्मदेची परिक्रमा करणारा एका काठाने जातो आणि दुसऱ्या काठाने परततो. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २,६२४. वाटेतल्या वळणांमुळे चालणं त्याहून जास्तच होतं. कैलासाची परिक्रमा ५२ किलोमीटरची. गणपतीपुळ्याची जेमतेम एक किलोमीटरची. पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

पण ही एक किलोमीटरची फेरी कुणाभोवती घालायची, ते महत्त्वाचं. बहुतेक देवस्थानांत प्रदक्षिणा गाभाऱ्याला किंवा देवळाला. पुळ्याला पूर्ण डोंगरच स्वयंभू गणपती मानतात, म्हणून फेरी डोंगराला. मूर्तीच्या उंचीची स्पर्धा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: इथे देवाचा घेर एक किलोमीटर आहे आणि त्यासाठी कुणीही क्रेन लावलेली नाही.

पायऱ्यांचंही तसंच. गिरनारच्या पायऱ्या दहा हजारांच्या घरात. एकाच डोंगररांगेत जैनांचे नेमिनाथ, दत्तभक्तांच्या पादुका आणि दातारचा दर्गा. पालिताण्याच्या शत्रुंजयावर साडेतीन हजारांच्या आसपास. संगमेश्वर तालुक्यातल्या मार्लेश्वराला पाचशेच्या आसपास. गुहेतल्या या महादेवाचं मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजाईशी लग्न लागतं. वऱ्हाड पालख्यांतून येतं, मानकरी ठरलेले असतात, आणि दरवर्षी तोच नवरा, तीच नवरी. वर्षभरात जुनं होणारं लग्न दरवर्षी नवं करून घेण्याची ही सोय देवांनाच परवडते.

कॅलेंडर न पाळणारी गंगा

मोठ्या तीर्थांना ठरलेलं वेळापत्रक असतं. कुंभ बारा वर्षांनी, कारण गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात. गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेकही साधारण बारा वर्षांनी. मागचा २०१८ साली झाला. १५५२ साली निधन पावलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर गोव्यात दर दहा वर्षांनी दर्शनाला ठेवतात. मागचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं आणि ते संपल्यानंतर आठवड्याभराने प्रयागला कुंभ सुरू झाला. एकाच हिवाळ्यात, एकाच देशात, दोन धर्मांची दीड-दीड महिन्याची दोन पर्वं पाठोपाठ.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा मात्र पंचांग बघून येत नाही. कातळाच्या माळावर बांधलेली चौदा कुंडं एरवी कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी एक दिवस पाणी फुटतं, गोमुखातून धार लागते आणि तासाभरात बातमी गावोगाव पोचते. पुढचे दोन-तीन महिने लोक स्नानाला येतात, मग गंगा आली तशी जाते. तीन वर्षं हा अंदाज. कधी ती लवकर येते, कधी वाट पाहायला लावते, कधी मुक्काम लांबवते. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जाऊन ठरावीक पातळीनंतर वक्रनलिकेसारखं एकदम बाहेर पडत असावं, अशी उपपत्ती मांडली जाते. शेजारीच गरम पाण्याचा झरा आहे. एका हाकेच्या अंतरात थंड गंगा आणि कढत उन्हाळं. कुंभाचे प्रशासक दोन-तीन वर्षं आधी तंबूंचे आराखडे काढतात. राजापूरला आराखडा काढायला सवडच मिळत नाही.

३८ वर्षांना एक लेणं

आता काळाची फूटपट्टी घेऊ. राजापूर तालुक्यातलं कशेळी गाव कनकादित्याच्या म्हणजे सूर्याच्या देवळासाठी प्रसिद्ध. शिलाहार राजा दुसरा भोज याचा या गावाबद्दलचा ताम्रपट शके १११३चा, म्हणजे इसवी सन ११९१चा. आठशे तीस वर्षांहून जुना कागद, फक्त तांब्याचा. एवढ्यावरही गाव मिरवू शकलं असतं. पण याच कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक हत्ती कोरलेला आहे, १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. चौरस फुटांत अडीच हजार. मुंबईतले पाच वन-बीएचके त्या हत्तीच्या चौकटीत आरामात बसतील. हत्तीच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी असं सगळं जग कोरलेलं आहे.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सड्यासडे पायी तुडवून अशी कातळशिल्पं नोंदवली. कोकणात त्यांची संख्या हजारावर गेली आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत नऊ ठिकाणं गेली. त्यांतली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. ती किती जुनी, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. काही शिल्पं दहा-बारा हजार वर्षांमागची असावीत, असं मानणारे आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांचा देव कोण, भाषा कोणती, नाव काय, काहीच मागे उरलं नाही. उरलं ते कोरीव काम. आज धर्म म्हणून ज्यांची नावं आपण घेतो, त्यांतलं एकही तेव्हा कुणाच्या ओठावर नसेल.

दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी आहे. तिथे २९ लेणी आहेत. पहिली खोदाई इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराची, हीनयान बौद्धांची. दहाव्या-अकराव्या शतकात तिथे वज्रयानी साधक आले. महाचंडरोषणासारख्या तांत्रिक देवतेची मूर्ती इथे मिळाली. पुढे शिलाहारांच्या काळात शिव आणि गणपती आले. या राजघराण्यातल्या विक्रमादित्याचा ११३९ सालचा ताम्रपट इथलाच. त्यानंतर नाथपंथी आले आणि एका लेण्यात ८४ सिद्धांच्या आकृती कोरून गेले. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक राहिलेले म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि तो १९८६ साली ग्रंथरूपाने आला.

तिसरं शतक ते चौदावं शतक म्हणजे ढोबळमानाने अकराशे वर्षं. भागिले २९. सरासरी ३८ वर्षांना एक लेणं. खोदकाम अर्थातच असं समान हप्त्यांनी झालं नाही, पण सरासरीने एवढं कळतं: पिढ्यांमागून पिढ्या, पंथांमागून पंथ, माणसं त्याच खडकाकडे परत आली. शिवराज्याभिषेकाला २०२४ साली ३५० वर्षं झाली. तसे तीन काळ एकापुढे एक ठेवले, तरी पन्हाळेकाजीचा हिशेब पुरा होत नाही. प्रयागला एका दिवसात कोटभर माणसं आली. इथे एका नदीकाठी अकराशे वर्षं माणसं येत राहिली. यातलं मोठं कोणतं, हे ज्याने त्याने ठरवावं.

मक्केची वाट, मंडालेची वाट

वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात दख्खनच्या हाजींचं हे मोठं बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७०च्या दशकात मायदेशी निघाला तो इथूनच जहाजात बसला. दाभोळहून जिद्दा समुद्रमार्गे चार हजार किलोमीटरच्या वर. वाऱ्यावर चालणारी गलबतं. वारा फिरला की मुक्काम. आज विमानाला पाच-सहा तास लागतात, तेव्हा आठवडे लागत आणि परतीची हमी कुणीच देत नसे.

दाभोळच्या किनाऱ्यावर शाही मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. तिची दंतकथा आकड्यांचीच. विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला जायला म्हणून २०,००० घोडेस्वार आणि १५ लाखांचा खजिना घेऊन दाभोळला आली. समुद्रात चाच्यांची भीती, म्हणून प्रवास थांबला. मग यात्रेसाठी काढलेला पैसा यात्रेलाच लागावा, म्हणून तिने इथेच मशीद उभारली. चार वर्षं काम चाललं. स्वारांचा आकडा फुगलेला असेल, पण गोष्टीतलं तर्कशास्त्र लक्षात राहतं: मक्केपर्यंत पोचता आलं नाही, तर दाभोळला नमाजाची जागा.

उलट दिशेनेही एक प्रवास झाला. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला रत्नागिरीत आणून ठेवलं. थिबा पॅलेस १९१० साली तयार झाला आणि सहा वर्षांनी, १९१६ साली, राजा इथेच वारला. त्याची कबर रत्नागिरीत आहे. हा राजा कोणाचा मुलगा? मिंडान राजाचा. मिंडानने मंडालेत अख्खं त्रिपिटक संगमरवरावर कोरून घेतलं: ७२९ शिळा, प्रत्येक शिळेवर स्वतंत्र छोटा स्तूप. जगातलं सर्वांत मोठं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. ज्याच्या बापाने असं पुस्तक केलं, तो बौद्ध राजा तीस वर्षं अरबी समुद्राकडे बघत रत्नागिरीत राहिला. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन त्याच्या कबरीला वंदन करून गेले. तिकडे यांगूनमध्ये आपला बहादूरशहा जफर १८६२ साली वारला, आणि त्याची कबर आज दर्गा म्हणून पुजली जाते. इंग्रजांनी दोन राजांची अदलाबदल केली. लोकांनी दोघांच्याही कबरींवर फुलं वाहिली.

दर्ग्यांवर फुलं वाहणारे हात तपासून पाहायची रत्नागिरीत चाल नाही. तालुक्यातल्या हातिस गावी पीर बाबरशेखांचा उरूस भरतो, त्यात हिंदू ग्रामस्थ पुढे होऊन काम करतात. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवस्थानाला जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने गावं इनाम दिली होती. पुढे १७२७ साली दुसऱ्याच सिद्दीने, सिद्दी साताने, तेच देवस्थान लुटलं. दोन्ही गोष्टी एकाच सत्तेच्या, एकाच देवळाच्या. हिशेब लिहायचा तर जमा आणि खर्च दोन्ही लिहायला हवेत.

शून्य

गर्दीचे सगळे आकडे सांगताना एक आकडा सहसा सांगितला जात नाही. शेकडो वर्षं देवळांच्या गाभाऱ्यात काही जातींच्या माणसांची संख्या शून्य होती. लाखांची यात्रा भरली तरी शून्य. हा आकडा हलवण्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा आहे.

२२ फेब्रुवारी १९३१ रोजी रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर उघडलं, सर्व जातींसाठी. प्रेरणा तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांची, पैसा भागोजीशेठ कीर यांचा. मंदिर आकाराने मोठं नाही. पण शून्याचं पुढे काहीही झालं तरी ती वाढ मोजता येत नाही, अनंतच येते.

दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी मे १९४७मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनंतर विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं. आज आषाढीला दहा-पंधरा लाखांची गर्दी मोजतो, तिच्यातल्या कितीतरी माणसांच्या दर्शनामागे ते दहा दिवस आहेत.

आणि मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. बाबासाहेबांनी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३०पासून वर्षानुवर्षं सत्याग्रह केला, आणि दार उघडत नाही म्हटल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात वेगळंच दार उघडलं. त्याचा आकडा जनगणनेत आहे. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ साली बौद्ध होते २,४८७. १९६१ साली २७ लाख ८९ हजार ५०१. दहा वर्षांत अकराशे पटींहून अधिक. इतक्या कमी वेळात, तलवारीशिवाय आणि राजाच्या हुकमाशिवाय, इतक्या माणसांनी धर्म बदलल्याचं उदाहरण जगात शोधावं लागेल. पन्हाळेकाजीला जो धर्म लेण्यांत उरला होता, तो त्याच जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या वाड्यांत पुन्हा नांदू लागला. २०११ साली जिल्ह्यात एक लाखावर बौद्ध होते.

देव घरी येतो

आता शेवटची फूटपट्टी, दाटीची. भाद्रपदात रत्नागिरी जिल्ह्यात घरगुती गणपती बसतात दीड लाखाहून अधिक. जनगणनेच्या आकड्याने भागलं तर साधारण दहा माणसांमागे एक गणपती. सार्वजनिक मंडळं शंभराच्या आसपास. मुंबईत एका मूर्तीसमोर लाखो माणसांची रांग लागते. इथे दीड लाख मूर्ती दहा-दहा माणसांच्या घरात येऊन बसतात. या घरांकडे परतणाऱ्या चाकरमान्यांसाठी २०२५ साली रेल्वेने ३८० गणपती विशेष फेऱ्या जाहीर केल्या, एसटीने पाच हजार जादा गाड्या. यात्रेला इतकी माणसं निघतात आणि पोचतात कुठे? आपापल्या घरी. मुक्कामाला धर्मशाळा नाही, दर्शनाला रांग नाही, आणि प्रसादाचे मोदक आईने वळलेले.

शिमग्यात तर दिशाच पालटते. ग्रामदेवतेला रुपं, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसते, नाचते आणि मग घराघरात फिरते. घरची बाई ओटी भरते, गुरव गाऱ्हाणं घालतो, पालखी पुढच्या अंगणात. जिल्ह्यात दीड हजारांहून अधिक गावं आहेत. गावात सरासरी २०० घरं आणि घरटी पाव तास धरला, तर एका गावाला ५० तास. सगळा जिल्हा एकाच पालखीला फिरायचा असता, तर न थांबता साडेआठ वर्षं लागली असती. दीड हजार देवता आपापली गावं वाटून घेतात, म्हणून हे काम काही दिवसांत उरकतं. पंढरीची वारी आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालते, कारण देव एका जागी उभा आहे. कोकणातला देव वर्षातून एकदा स्वतःच वारीला निघतो.

मोठ्या आकड्यांची एक बाजू कुणी टाळू नये. २००३ साली नाशिकच्या कुंभात ३९ माणसं चेंगरून मेली. २००५ साली मांढरदेवीला तीनशेच्या जवळपास. २०१५ साली मिनामध्ये सौदी सरकारच्या हिशेबाने ७६९. २०२५ साली प्रयागला अधिकृत आकड्याप्रमाणे ३०. आधी गर्दीचा आकडा सांगितला जातो आणि नंतर मृतांचा. भाविकांची संख्या हा देवाच्या थोरवीचा पुरावा नसतो. ती फक्त रस्ते, पूल आणि पोलीस यांची परीक्षा असते.

म्हणून रत्नागिरीला याल तेव्हा गणपतीपुळ्याच्या रांगेत उभे राहाच, पण तिथूनच परतू नका. पन्हाळेकाजीची २९ लेणी पाहा, दाभोळची मशीद पाहा, थिबाची कबर पाहा, पतितपावनाच्या पायऱ्या चढा, आंबडव्याला जा. कशेळीच्या सड्यावर गेलात तर एक काम करा: हत्तीच्या अंगावर पाय देऊ नका, कडेकडेने फिरा. त्याच्याभोवती कठडा असो वा नसो, तो आपल्या सगळ्या धर्मांपेक्षा वयाने मोठा असण्याची शक्यता आहे.